बंद होता होईना

पिंपरी-चिंचवडमध्ये नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळतो. रविवारी कंपन्यांच्या बसगाड्या पळत असतात, वर्कशॉपांतून ग्राइंडरचे आवाज येत असतात, आणि गुरुवारी मात्र आकुर्डी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत शटर खाली. कारण जुने आहे. सगळ्या राज्यातले कारखाने एकाच वारी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू राहिले, तर विजेचा ताळमेळ बसत नाही. म्हणून वीज मंडळाने वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले. पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला. कामगारांच्या बोलण्यात तो ‘स्टॅगरिंग’चा दिवस. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची, तीही बहुधा गुरुवारीच. त्यामुळे गुरुवारी सकाळी लाइट गेली तर इथला जुना रहिवासी वायरमनला फोन करत नाही, वार आठवतो.

बुधवारी रात्री सगळे बंद करून निघायचे, ही सवय या गावाच्या हाडात मुरलेली. लेथ बंद करायला एक बटण, कंप्रेसरला एक, शेडच्या दिव्यांना एक, आणि शेवटी मेन. १९९० च्या दशकात या शेडच्या पोटमाळ्यावर, काचेच्या केबिनमध्ये कम्प्युटर येऊन बसला आणि पहिल्यांदाच एक यंत्र असे निघाले, की बंद करायचे म्हटले तर ते म्हणे, थांबा.

आकुर्डी तोवर गाव राहिले नव्हते. जवळच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत आकुर्डीत बजाजचा कारखाना आला आणि पियाजिओच्या परवान्याखाली इथे स्कूटर बनू लागल्या. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, १९६६ च्या सुमारास पिंपरीत टेल्को, १९७२ मध्ये बजाजची चेतक स्कूटर. तुकोबांची पालखी देहूहून निघाली, की आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला थांबते. तो मुक्काम तसाच राहिला, भोवतालचे रान तेवढे शेडनी भरले. मोठ्या कारखान्यांना बुश, पिन, ब्रॅकेट, स्प्रिंग पुरवणारे शेकडो छोटे कारखानदार इथे पोसले गेले. त्यांच्याकडे कम्प्युटर आला तो डिझाइनसाठी नव्हे, कागदांसाठी. माल गेटमधून आत जायचा तर चलन हवे, बिल हवे, अबकारी खात्याची रजिस्टरे भरलेली हवीत. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत चलन छापे आणि टेम्पोचा ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत उभा असे.

सुरुवातीच्या डॉसच्या दिवसांत बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. काळ्या पडद्यावर प्रॉम्प्ट दिसला की बटण दाबायचे. हे बटण आजच्यासारखे विनंती करणारे नव्हते. जुन्या एटी पद्धतीच्या खोक्यात त्याला थेट मेनची वायर जोडलेली असे. खट्‌ झाले, की यंत्र मेले. त्यातल्या त्यात जपून वागणारे लोक आधी ‘पार्क’ नावाची आज्ञा देत. तिने हार्ड डिस्कचे वाचणारे टोक तबकडीच्या सुरक्षित भागात नेऊन ठेवले जाई, म्हणजे टेबल हलवले तरी ओरखडा नको. पुढच्या पिढीच्या डिस्क हे काम आपण होऊन करू लागल्या, आणि त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. वीज जाताच डिस्कची मोटर उलट्या भूमिकेत शिरते. फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून ती स्वतःच वीज तयार करते, आणि तेवढ्या विजेवर ते टोक घरी पोचते. ज्या भागात लाइट केव्हाही जाई, तिथल्या किती डिस्क या एका युक्तीने वाचल्या असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

थांबायला लावण्याची सुरुवात नेमकी कुठे झाली, हे मात्र सांगता येते. मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० आले. त्यात स्मार्टड्राइव्ह नावाची सोय होती. डिस्क मंद, मेमरी चपळ, म्हणून लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवायचा, माणसाला ‘झाले’ म्हणून प्रॉम्प्ट दाखवायचा आणि डिस्कवर सवडीने उतरवायचा. काम झटपट झाल्यासारखे वाटे. पण प्रॉम्प्ट दिसला, की बटण दाबायचे ही लोकांची सवय. मजकूर मेमरीत असतानाच यंत्र बंद होई आणि फायली अर्धवट राहत. ओरड झाली. त्याच वर्षी आलेल्या ६.२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पाऊल मागे घेतले. उशिरा लिहिण्याची सोय आपोआप चालू राहणे थांबले, आणि ज्याने ती चालू केली त्यालाही सगळा मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय प्रॉम्प्ट परत मिळेना. पुढच्या तीस वर्षांतली सगळी भांडणे या एका प्रसंगात आहेत: वेग हवा, की लिहिलेले टिकायला हवे?

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि बंद करण्याला चक्क विधी आला. आकुर्डीतल्या एखाद्या वर्कशॉपचे त्या काळचे ऑफिस डोळ्यांसमोर आणावे. केबिनच्या दाराबाहेर चपला काढलेल्या, कारण कम्प्युटरला धूळ चालत नाही. अकाउंट्स बघणाऱ्या बाई टॅलीतून बाहेर पडतात. टॅली विचारते, क्विट? येस ऑर नो. मग स्टार्ट, मग शटडाउन, मग पुन्हा एकदा होय. पडद्यावर ढगांचे चित्र आणि थांबण्याची सूचना. खालून मालकांची हाक येते, “मॅडम, झालं का? मेन पाडायचाय.” “होतंय साहेब, अजून बंद होतोय.” अखेर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे उमटतात, की आता हा कम्प्युटर बंद करायला हरकत नाही. त्यानंतर सीपीयूचे बटण, मॉनिटरचे बटण, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सीव्हीटीचे बटण, यूपीएसचे बटण, भिंतीवरच्या बोर्डाचे बटण, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकचे कव्हर. नारिंगी अक्षरांचा तो पडदा म्हणजे खरे तर लोगोज नावाची एक साधी चित्रफाईल होती. पेंटमध्ये उघडून तिच्यात हवे ते लिहिता येई, आणि हौशी पोरांनी ते केलेही.

माणसाला शेवटचे बटण दाबायला लावणारा हा पडदा फार वर्षे टिकला नाही. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स पद्धत आणली. तिच्यात पुढचे बटण मेनची वायर तोडत नाही, मदरबोर्डला फक्त इशारा देते, आणि बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा कायम चालू राहतो. त्यामुळे विंडोजला स्वतःच वीज तोडता येऊ लागली. सोय मोठी, पण नवी अडचणही आली. पूर्वी यंत्र अडकले तर खट्‌ करून मोकळे होता येई. आता तेच बटण चार सेकंद दाबून धरावे लागते, आणि पहिली काही वर्षे हे निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हते. ते सरळ मागची पिन उपटत.

अशी पिन उपटली किंवा लाइट गेली, की पुढच्या वेळी स्कॅनडिस्कचा निळा पडदा येई आणि वर बोलणी: तुम्ही यंत्र नीट बंद केले नाहीत, यापुढे नेहमी स्टार्ट मेनूतूनच बंद करत जा. या उपदेशाइतका अन्याय महाराष्ट्रातल्या कम्प्युटरवाल्यांवर दुसऱ्या कशाने झाला नसेल. दोष वीज मंडळाचा आणि बोलणी मॅडमना! टॅलीचा डेटाही अशा वेळी बिघडे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकत्र दाबून ‘रीराइट’ चालवायचे आणि व्हाउचर परत आली का ते मोजत बसायचे. मार्च अखेरीला हे झाले, तर त्या रात्री कोणी जेवायला वेळेवर घरी जात नसे.

विंडोज ९८ ने घाई करून पाहिली. जून १९९८ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ‘फास्ट शटडाउन’ नावाची खास सोय होती. ती इतक्या घाईने चालली, की कित्येक यंत्रे बंद होण्याऐवजी मध्येच गोठली किंवा पुन्हा सुरू झाली. ही सोय बंद कशी करावी, हेच तिच्याबद्दलचे सर्वांत उपयोगी ज्ञान ठरले. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली, तरी अडकणे संपले नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टला केवळ बंद होण्याच्या दुरुस्तीसाठी वेगळी पुरवणी काढावी लागली. अडकण्याच्या कारणांची कंपनीने दिलेली यादी मजेदार होती. बिघडलेले ड्रायव्हर आणि भांडणारे प्रोग्रॅम त्यात होतेच, पण बंद होताना वाजणाऱ्या सुरावटीची फाईल खराब झाली, तरीही यंत्र जागच्या जागी थिजे. निरोपाचे संगीत वाजत नाही म्हणून पाहुणा उठायला तयार नाही, असा प्रकार.

आणि याच सुमारास उलटा अपघात झाला, जो फारसा कोणाला आठवत नाही. प्रोसेसर वेगवान झाले, हार्ड डिस्कच्या पोटातच लिहिण्यासाठी छोटी मेमरी आली, आणि काही नव्या यंत्रांवर विंडोज ९८ इतक्या झटकन बंद होऊ लागले, की डिस्कने पोटातला मजकूर तबकडीवर उतरवण्याआधीच तिची वीज तुटे. म्हणजे १९९३ चाच प्रसंग, एक पायरी खाली. उपाय म्हणून जे अपडेट आले, त्याने बंद होण्याआधी थोडे थांबण्याची सोय केली. लोक शटडाउन जलद करायच्या खटपटीत, आणि बनवणारे तो मुद्दाम लांबवण्याच्या!

नव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी एकदम घडल्या. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. त्याच वर्षी मेमध्ये दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला होता, आणि पुढची काही वर्षे महाराष्ट्राने जे भोगले त्याला सरकारी भाषेत भारनियमन आणि घरोघरी लोडशेडिंग म्हणत. याच काळात एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी वर्गांतून लाखो मराठी माणसे माउस धरायला शिकत होती. कम्प्युटर सुरू कसा करायचा आणि बंद कसा करायचा, हा त्यांच्या शिक्षणातला पहिला धडा. पण ‘नीट बंद करा’ हे शिकवणाऱ्या वर्गातच लाइट गेली, की अभ्यासक्रम बाजूला राही आणि यूपीएसची शिट्टी सुरू होई.

मंद शटडाउनचा इथला इतिहास या शिट्टीपासून वेगळा काढता येत नाही. अमेरिकेतल्या ऑफिसात कम्प्युटर बंद व्हायला दोन मिनिटे लागली, तर माणूस वैतागून कोट चढवतो आणि निघतो. इथे ती दोन मिनिटे उसनी होती. साध्या यूपीएसची बॅटरी नवी असताना दहा-पंधरा मिनिटे ओढे, दोन वर्षांनी दोन-तीनही ओढेना. लाइट गेली, शिट्टी सुरू झाली, फाईल सेव्ह केली, शटडाउन दाबले, आणि पडद्यावर सेटिंग्ज जतन होत असल्याची ओळ तशीच उभी. बॅटरी आधी संपणार की एक्सपी? या शर्यतीत माणसाच्या हातात काही नसे.

एक्सपी इतका वेळ कशात घालवी? बंद होताना ते प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारी, निघतोस का? उत्तर आले नाही, तर ५ सेकंदांनी तो अडकला असे धरी, आणि आवराआवरीसाठी २० सेकंदांपर्यंत थांबे. मग पडद्यामागे चालणाऱ्या सेवांची पाळी, त्यांनाही २० सेकंद. एखादा प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या नोंदींची फाईल धरून ठेवी आणि सोडत नसे. त्यावर मायक्रोसॉफ्टने यूपीएचक्लीन नावाचे वेगळे औजारच दिले होते. मोठ्या कंपन्यांत वापरकर्त्याचे सगळे प्रोफाइल सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत. सहा वाजता पूर्ण मजला एकदम घरी निघाला, की शंभर प्रोफाइल एकाच वायरीतून सर्व्हरकडे निघत. अँटिव्हायरसची आणखी तऱ्हा. फ्लॉपीतून विषाणू पसरत म्हणून काही अँटिव्हायरस बंद होण्याआधी फ्लॉपी ड्राइव्ह चाचपून पाहत. कंपनीकडून ड्रॉइंग फ्लॉपीवर आणणाऱ्या पुरवठादाराला ही भीती खरीच होती. कैलास आणि संजय काटकर या भावांचा पुण्यातला दुरुस्तीचा धंदा क्विक हीलपर्यंत वाढला, तो याच गरजेवर.

मग उपायांचे पीक आले. ‘पीसीक्वेस्ट’, ‘चिप’, ‘डिजिट’ या मासिकांतून रजिस्ट्रीतल्या युक्त्या छापून येत, आणि कम्प्युटर दुरुस्त करणारी पोरे त्या तोंडपाठ करून वर्कशॉपमागून वर्कशॉप फिरत. वेटटूकिलसर्व्हिसटाइमआउट या लांबलचक नावापुढे २०००० मिलिसेकंदांचा आकडा असे, तो १००० करायचा. ऑटोएंडटास्क्स एक करायचे, म्हणजे विचारपूस न करता प्रोग्रॅम मारले जातात. कम्प्युटर खरोखरच झपकन बंद होई, मालक खूश होत आणि पोराला शंभराची नोट मिळे. पण ही युक्ती बेजबाबदार होती, हे स्पष्ट म्हणायला हवे. ज्या सेवेला आवरायला खरेच पाच सेकंद लागतात, उदाहरणार्थ डेटाबेसला, तिला एका सेकंदात संपवणे म्हणजे यंत्र चालू असताना बोर्डाचे बटण पाडण्यापेक्षा जेमतेम बरे. यापेक्षा कितीतरी शहाणा उपाय एक होता: बंद होताना पेजफाईल पुसण्याची सुरक्षा-सेटिंग कोणी चालू ठेवली आहे का, ते बघणे. ती चालू असेल, तर शेकडो मेगाबाइटची फाईल रोज शून्यांनी भरली जाई, आणि तेवढी एक खूण काढली, की मिनिट-दीड मिनिट वाचे. पण साध्या उपायाला शंभर रुपये कोण देणार.

शेडमध्ये खाली, मशीनवर, निराळीच रीत होती. फानुकच्या सीएनसी कंट्रोलला शटडाउन नावाचा प्रकार नाही. इमर्जन्सी दाबा, पॉवर ऑफ करा, झाले. पॅरामीटर आणि प्रोग्रॅम बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत राहतात. एकच पथ्य, ती बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची. गुरुवारी मशीन बंद आहे तर सवडीने बॅटरी टाकू, असे म्हणणाऱ्याचे पॅरामीटर उडतात आणि सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत मशीन उभे. सीमेन्सच्या पीसीयू-५० सारख्या पॅनेलमध्ये मात्र आत विंडोज एनटी आणि पुढे एक्सपी बसलेले. ऑपरेटरने सवयीने मेन पाडला, की कधीतरी त्याची हार्ड डिस्क दगा देई. पोटमाळ्यावरचे दुखणे असे खाली उतरले.

२००६ मध्ये पुण्यात भारनियमन टाळण्याचा वेगळाच प्रयोग झाला. उद्योगांनी कमाल मागणीच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवायची, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून उचलायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणून तो गाजला. शहरातली शिट्टी त्यामुळे कमी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस मोइशे लेटविन या मायक्रोसॉफ्टच्या माजी प्रोग्रॅमरने एक गमतीदार हिशोब जाहीर केला: विंडोज विस्टामधल्या बंद करण्याच्या मेनूत, म्हणजे त्या एका छोट्या यादीत, सुमारे ४३ जणांचे म्हणणे गुंतले होते. यादीचे काय ते असो, पण विस्टाने एक चांगली गोष्ट केली. कोण अडवून बसले आहे, हे ते नावानिशी पडद्यावर सांगू लागले. एक्सपीत अडवणारा प्रोग्रॅम गुपचूप अडे आणि माणूस विंडोजला शिव्या देई.

खरा फरक पडला तो ऑक्टोबर २०१२ मध्ये, विंडोज ८ ने. सेवांना मिळणारा वेळ तोवर ५ सेकंदांवर आला होता. शिवाय नव्या पद्धतीत ‘शटडाउन’ म्हटले, की माणसाचे प्रोग्रॅम तेवढे बंद होतात. विंडोजचा गाभा बंद होतच नाही. तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवून झोपवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतो. सोबत एसएसडी आल्या, आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. लिनक्सच्या जगात हाच वाद अजून चालू आहे. सिस्टमडी ही व्यवस्था अडेल सेवेसाठी ९० सेकंद थांबते, आणि २०२३ मध्ये फेडोराने ते ४५ वर आणले, तेही बऱ्याच चर्चेनंतर.

आकुर्डीत २००७ मध्ये बजाजच्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन थांबले. जून २०२२ मध्ये त्याच आवारात विजेच्या चेतकसाठी नवा कारखाना सुरू झाला. आसपासच्या वर्कशॉपांत आता जीएसटीची बिले ऑनलाइन निघतात, सीव्हीटी भंगारात गेले, चपला आतपर्यंत येतात. कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला, की त्याचा पहिला प्रश्न मात्र अजून तोच असतो, “दादा, एकदा बंद करून चालू केला का?” दादा खरे तेच सांगतात, की काल रात्री बंद केला होता, सकाळी लावला. टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर तिथे यंत्र सलग अकरा दिवस चालू असल्याची नोंद दिसते. मग तो फोनवरच सांगतो, की शटडाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरा, नाहीतर सरळ रिस्टार्ट मारा.